खाली, गोड, रक्त

कागदावर डॉक्टरीणबाईंनी लिहिलेलं आईला वाचता आलं नाही,
मलाही एका दमात नाही.
हायपोग्लायसेमिया.
सलाईन लावता लावता नर्सबाईंनी फोड करून दिली:
हायपो म्हणजे खाली,
ग्लाय म्हणजे गोड,
आणि शेवटचं ते रक्त.
घाबरू नका, साखर उतरली होती, एवढंच.

एवढंच?
तुर्भ्याच्या मार्केटात एकतीस वर्षं
आबांनी साखर उतरवलीच तर आहे.
एस-तीस, एम-तीस, पन्नास किलोची गोण,
मानेवर फडकं, फडक्यात घामाचा पाक.
घरी आले की आधी मान धुवायची,
नाहीतर मुंग्या उशीपर्यंत माग काढायच्या.
शेवटची गोण पडली की ड्रायव्हरला ओरडून सांगायचे,
झाली रं गाडी खाली.

त्या मंगळवारी आबा खाली झाले.
सकाळी सुई घेतलेली, डबा तसाच,
दोन ट्रक एकदम लागले म्हणून.
कोपरखैरण्यात उतरले आणि
बंद एटीएमच्या पायरीवर बसले ते बसलेच.
बनियन पिळून काढावं असा घाम,
शब्द एकमेकांच्या अंगावर चढलेले.
वॉचमनने दंड धरला तर त्याला आईवरून शिवी.
आबांनी!
ज्यांनी मला कधी गाढवसुद्धा म्हटलं नाही.
लोक म्हणाले, दुपारीच चढलीय.
कुणीतरी व्हिडिओ काढला.
मोहितेकाकूंनी रिक्षातून पाहिलं,
रिक्षा थांबवली नाही.
पाऊण तास.

मग पार्सल पोचवणारा फैजान नावाचा पोरगा
गाडी लावून खाली वाकला, तोंडाचा वास घेतला,
आणि स्वतःची कोल्ड्रिंकची बाटली
घोटाघोटाने त्यांच्या ओठात रिकामी केली.
त्याच्याही घरी कुणी सुई घेणारं असणार.

मीठ कमी पडलं तर आपण अळणी म्हणतो.
गोड कमी पडलं तर?
चहा फिका असतो, रंग फिका असतो.
माणसासाठी चाळीकडे एकच शब्द होता,
तो त्यांनी संध्याकाळपर्यंत वापरून टाकला होता.

वाशीहून सोडलं त्या दिवशी
आईने तो कागद फायलीत जाऊच दिला नाही.
डोक्यावर पदर घेऊन, हळदीकुंकवाला निघावं तशी
रूम नंबर तीनपासून तेवीसपर्यंत दारोदार फिरली.
हे बघा, डॉक्टरनीनं लिवून दिलंय.
काय लिहिलंय पण?
त्ये प्यालं न्हवतं, असं.
मोहितेकाकूंनी चष्मा शोधला,
कागद उलटा धरला, मग सुलटा,
म्हणाल्या, हो गं, दिसतंय की.

नर्सबाईंनी सांगितलेला अर्थ
मी आईला पुन्हा सांगितला नाही.

आता आबांच्या वरच्या खिशात साखरेची पुडी असते.
एकतीस वर्षांत मार्केटातून चिमूटभर आणली नाही,
ही दुकानातून, रोख.
आई रात्री अडीचला उठते, त्यांचं कपाळ चाचपते
आणि परीक्षा घेते:
आवो, आपलं घर कुठं हाय?
कोपरखैरणं, सेक्टर पंधरा,
एवढं ऐकलं की कूस बदलते.

काल म्हणाले, नदीपल्याड. जांभळीच्या वरच्या अंगाला.

आईने मला हलवलं, लाईट लावला,
पुडीचा दोरा दातांनी तोडला.
साखर जिभेवर घेऊन आबा पडून राहिले,
आढ्याकडे बघत, काही न बोलता.
ते घर धरणाखाली गेलं तेव्हा मी जन्मलेही नव्हते.
मी त्यांच्या बोटाला टोचलं.

एकशे अठरा.

आई म्हणाली, मशीन बिघडलंय का बघ.